वाकडा खिळा

(द्वितीय वर्ष, कला)

घराची आठवण कशानं येईल याचा काही नेम नसतो. कुणाला ती पहिल्या पावसाच्या वासानं येते, कुणाला मेसमधल्या पातळ आमटीनं. मला ती आली गेल्या श्रावणात, वसतिगृहाच्या खोलीत, मैत्रिणीच्या भावाच्या जुन्या टॅबवर एक अमेरिकन खेळ खेळताना! हसू नका. ऐका तर खरं.

खेळाचं नाव पिनबॉल. काचेखाली एक उतरती फळी, तिच्यावर खुंट्या, कमानी, लुकलुकणारे दिवे. स्प्रिंगच्या दट्ट्यानं पोलादी गोळी वर सोडायची. ती आपटत, उसळत खाली येते. तळाशी दोन फ्लिपर असतात. बटण दाबलं की ते उचलतात आणि गोळीला पुन्हा वर फटकावतात. दोहोंच्या मधून गोळी निसटली की खेळ खलास. माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, पहिल्यांदाच खेळतेस ना? मग हात कसा बसलाय?"

मी काहीच बोलले नाही. हात कसा बसला होता ते मला ठाऊक होतं.

माझे आबा सुतार. वर्षभर औतं, चौकटी, खाटांचे पाय. पण चैत्रात जत्रा सुरू झाल्या की ते 'गोळ्यांची फळी' डोक्यावर घेऊन निघत. शहरात तिला बॅगाटेल म्हणतात. सागाची फळी, तिच्यावर खिळ्यांची रांगोळी, खाली आकड्यांचे कप्पे, उजव्या अंगाला दट्ट्या आणि सायकलच्या बेअरिंगमधले पाच छर्रे. पाच रुपयांत पाच छर्रे सोडायचे. बेरीज जमली तर कंगवा, आरसा, साबणाची वडी. मी आबांच्या शेजारी पोत्यावर बसून छर्रे गोळा करी. गिऱ्हाईक नसलं की दट्ट्या माझाच!

मी पाचवीत असताना एका गावच्या जत्रेत चार पंच आले. म्हणाले, "हा जुगार आहे. उचला." आबा म्हणाले, "जुगार न्हाई, हाताचा खेळ हाय." 'मग दाखव करून', असं मात्र कुणी म्हणालं नाही. सामान उचललं. ही बातमी आमच्याआधी शाळेत पोचली आणि मी 'जुगारवाल्याची पोर' झाले. संध्याकाळी रडत घरी येऊन मी आबांना म्हणाले, "जाळून टाका ती फळी." आबा काही बोलले नाहीत. पुढच्या चैत्रात ते जत्रेला गेले नाहीत.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी "वडील सुतारकाम करतात" एवढंच सांगितलं. बाकीचं गिळलं.

टॅबवरच्या त्या खेळानं गिळलेलं वर आलं, आणि मी पिनबॉलविषयी मिळेल ते वाचत सुटले. त्याचं मूळ अठराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या बॅगाटेलमध्ये आहे. १८७१ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी सुधारलेल्या बॅगाटेलचं पेटंट घेतलं. त्यात स्प्रिंगचा दट्ट्या होता. म्हणजे आबांची फळी आणि हे दिव्यांचं यंत्र ही एकाच आजीची नातवंडं! फ्लिपर तर १९४७ साली, गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात आले.

आणि पुढचं वाचून मी उठूनच बसले. १९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी हा खेळ जुगार ठरवून बंद केला. यंत्रं जप्त केली, घणांनी फोडली. बंदी १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षी रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकानं नगरपरिषदेच्या समितीपुढे यंत्रावर खेळून दाखवलं. त्यानं आधी सांगितलं, "आता गोळी मधल्या वाटेनं जाईल," दट्ट्या ओढला, आणि गोळी तिथूनच गेली. बंदी उठली. आबांना अशी समिती मिळाली असती तर! पुढे शार्प यांनीच कबूल केलं की त्या घटकेला नशिबानंही साथ दिली होती. हे वाक्य तेव्हा मी घाईनं ओलांडून पुढे गेले.

खेळ निर्दोष सुटला, तरी यंत्रं कुठे अमर असतात? लाकूड फुगतं, रबर कडक होतं, रंग उडतो. १९९९ साली विल्यम्स या मोठ्या कंपनीनं पिनबॉल बनवणंच थांबवलं. मी ज्यावर खेळत होते ते 'गोइंग नट्स' हे गॉटलीबचं १९८३चं यंत्र. त्याचे जेमतेम दहा नमुने झाले. दहा! आमच्या वर्गात बाकं त्याहून जास्त आहेत. आणि तरी ते माझ्या मांडीवर होतं, तीन गोळ्या एकदम उधळीत!

ही किमया कॅलिफोर्नियातल्या फारसाइट स्टुडिओजची. २०१२ पासून 'द पिनबॉल आर्केड' या नावानं त्यांनी जुनी यंत्रं संगणकावर आणली. खरं यंत्र मिळवायचं, सुटं करायचं, भागाभागाची छायाचित्रं घ्यायची. इलेक्ट्रॉनिक यंत्र असेल तर त्याच्या चिपमधला मूळ प्रोग्रॅमच चालवायचा. त्यामुळे त्याचे गुण येतात आणि त्याच्या चुकाही.

शिवाय हवा परवाना. 'ट्वायलाइट झोन' हे यंत्र एका दूरचित्रवाणी मालिकेवर बेतलेलं. तेव्हा यंत्र बनवणाऱ्यांबरोबर मालिकेच्या हक्कदारांनाही पैसे द्यायचे होते. म्हणून २०१२ साली चाहत्यांकडे ५५ हजार डॉलरची वर्गणी मागितली. ती त्याहून अधिकच जमली. 'अ‍ॅडम्स फॅमिली'चे वीस हजारांवर नग खपले होते, पण त्यावर चित्रपटातल्या नटनटींचे चेहरे. त्यांची परवानगी आणखी वेगळी. आणि इतकं करून परवान्याला मुदत असतेच. ३० जून २०१८ नंतर विल्यम्स आणि बॅली या नावांची यंत्रं त्या संग्रहात विकायला बंद झाली. ज्यांनी आधी घेतली होती त्यांच्याकडे ती राहिली, नव्याला मिळेनात. त्याच वर्षी तो परवाना हंगेरीतल्या झेन स्टुडिओजकडे गेला आणि तिथे ती यंत्रं नव्यानं उभी राहू लागली. मला वाटलं, हे जीवदान म्हणजे भाड्याच्या घरातला संसार. पण संसार तर आहे!

आणि परवानगी मागणं मला आवडलं. तुमच्या हातचं काही आम्हाला जपायचंय, जपू का, असं विचारणं म्हणजे ते तुमचं आहे हे मान्य करणं. आबांना असं कुणी विचारलं होतं? मी तर 'जाळा' म्हणाले होते.

दिवाळीत घरी गेले. भीत भीत विचारलं, "आबा, ती फळी जाळली का हो?"

"कणगीवर हाय की," आई आतून म्हणाली. आठ वर्षं फळी धान्यावरचं झाकण झाली होती! आबांनी लागतील तसे खिळे उपटून वापरले होते. मी वही आणि टेप घेऊन बसले. ११२ भोकं, खिळे उरलेले ४७. मोबाइलवर फोटो काढले, एकेका भोकाचं अंतर कागदावर मांडलं. आबा आधी हसले. मग शेजारी येऊन बसले आणि रिकाम्या भोकांवर बोट ठेवीत सांगू लागले, "ह्यो दोन सूत वर ऱ्हायचा... ह्यो तिरका..." सगळी फळी त्यांच्या बोटांत शाबूत होती.

शंभराच्या कप्प्यावरचा एक खिळा डावीकडे वाकलेला दिसला.

"हा वाकलाय, आबा. कागदावर सरळ काढते."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. "मीच वाकवला त्यो. शंभरात गोळ्या लई जाया लागल्या. साबणाच्या वड्या परवडंनात."

माझी पेन्सिल थांबली. आठ वर्षांनी मी आबांना मनातल्या मनात रॉजर शार्प करून ठेवलं होतं!

"म्हंजे ते पंच..."

"समदं खोटं न्हाई बोलले, पोरी. हात लागतोच. पर खिळाबी हाय."

घाईनं ओलांडलेलं ते शार्प यांचं वाक्य आता आठवलं. बराच वेळ आम्ही दोघं फळीकडे पाहत बसलो. मग मी म्हणाले, "आबा, ही फळी संगणकावर करून घ्यायचा विचार आहे. तुमची परवानगी आहे का?"

"मला कोण इचारतंय परवानगी!" आबा हसले. मग म्हणाले, "नाव घालशील माझं?"

"घालीन."

"मंग खिळा वाकडाच काढ."

तो मी वाकडाच काढला.