भट्टीवरचे गणित

मालवणात आमच्या घरामागे काजूची सात झाडे आहेत. चैत्र-वैशाखात बी काढून घेतली, की बोंडे तशीच पडून राहतात. मुले दोन-चार मीठ लावून खातात, बाकीची कुजतात. त्याच बोंडांवर पलीकडे पेडण्याला माझ्या मामांचे घर चालते. त्यांची रीतसर परवान्याची भट्टी आहे. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मामांना कोण आनंद झाला होता! मी स्वतः घेत नाही. पण सुट्टीत मामांकडे गेलो, की भट्टीवरून पाय निघत नाही.

दोन वर्षांपूर्वी मामा म्हणाले, "मास्तरा, औंदा शेवटचा. लाकडाचो खर्चसुद्धा सुटणा नाय."

मी पडलो गणिताचा मास्तर. म्हटले, "मामा, आधी हिशेब तर मांडू या." एक वही घातली आणि पदरचे पैसे टाकून एक हायड्रोमीटर आणला. दुधातले पाणी ओळखायची काचेची नळी असते, तिचाच हा भाऊबंद. साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो. रसात साखर असेल तितका रस जड, आणि नळी तितकी वर तरंगते. ताज्या बोंडांच्या रसात ती १.०४५ पर्यंत चढे. रस दोन-तीन दिवस आंबला, साखरेचे मद्य झाले, की आकडा १.००० च्या आसपास उतरे. मग तो रस तांब्याच्या भाणात उकळायचा. वाफ नळीने पाण्यात बसवलेल्या लावणीत जाते, तिथे थंड होऊन थेंब पडतात. ते पहिले हुर्राक. पुन्हा गाळले, की फेणी.

पहिल्या आठवड्यात शंभर लिटर रसामागे हुर्राक पडे १५ लिटर. शिवाय बोंडांच्या मानाने रसही मला कमी वाटला. मी वही मिटली आणि निकाल दिला : कोळंबीत बोंडे तुडवणारा गडी कामचुकार आहे. चारचौघांत त्याला तसे बोललोही. वीस वर्षे मामांकडे राबणारा माणूस. तो एक शब्द बोलला नाही, पाय धुऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः उभा राहून चोथा पुन्हा दाबून घेतला. शंभर किलो बोंडांमागे पाच लिटर रस वाढला खरा, पण त्या खेपेच्या हुर्राकाची चव अशी बिघडली, की नेहमीच्या गिऱ्हाइकांनी बाटल्या परत आणल्या. जास्त पिळले की चव बिघडते, हे वहीत कुठे लिहिले होते!

मामा रागावले नाहीत. माझा हात धरून त्यांनी तो लावणीभोवतीच्या पाण्यात बुडवला. पाणी चांगलेच कढत होते. थंड व्हायची ती वाफ थोडीफार तशीच निसटत होती!

मग मी शोध घेतला तो माणसांचा नव्हे, एकेका पायरीचा. सकाळी आठपर्यंत वेचलेल्या बोंडांचा रस १.०४५ दाखवी, दुपारपर्यंत उन्हात पडलेल्यांचा १.०३६. गोडी झाडाखालीच उडून जात होती. आम्ही पहाटे वेचणी सुरू केली, लावणीचे पाणी वरचेवर बदलले, जाळ मंद ठेवला. चोथ्याला पुन्हा हात लावला नाही. मामांच्या ग्राव मोजायच्या नळीत तितक्याच ताकदीचे हुर्राक आता १८ लिटर पडू लागले. तीन लिटरांनी कोणी श्रीमंत होत नाही, पण लाकडाचा खर्च सुटला. भट्टी अजून पेटते.

त्या गड्याच्या घरी मी संध्याकाळी गेलो. माफी मागायला मास्तरांना शब्द फार कमी येतात. त्याने चहा दिला आणि म्हणाला, "चुकता माणूस, मास्तरानू."

शाळा सुरू झाली. पहिल्याच चाचणीत एका मुलाला गणितात शून्य मिळाले. 'आळशी!' हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. तेवढ्यात हाताला ते कढत पाणी आठवले. मी त्याला जवळ बसवून विचारले, "बाळा, तू शाळेत यायला घरून किती वाजता निघतोस?"