दौऱ्यावरचे सौभद्र

संगीत सौभद्र दौऱ्यावर निघते तेव्हा बसमधून सर्वांत आधी ऑर्गन उतरतो. पडद्यांच्या वळकट्या, कपडेपटाच्या ट्रंका, गदा आणि धनुष्ये भरलेले पोते हे सगळे थांबू शकते. ऑर्गन थांबू शकत नाही. जुन्या गोधडीत गुंडाळलेले ते लाकडी धूड चौघांच्या हातांनी विंगेजवळ येते. ऑर्गनवादक चहाही न घेता स्टुलावर बसतो, दोन्ही पाय पायपट्ट्यांवर ठेवतो आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबत जातो. भात्यांतून हवा भरल्याचा दमेकऱ्यासारखा आवाज आधी येतो, मग सूर. घाटावरून कोकणात उतरलेल्या ऑर्गनची एखादी पट्टी दमट हवेने फुगून खाली गेली की वर येत नाही. मग पोस्टकार्डाचा तुकडा किंवा ब्लेड यांपैकी जे सापडेल त्याने ती मोकळी करायची. असे ऑर्गन आता नवे क्वचितच बनतात. काही संचांनी सिंथेसायझर घेतला आहे. तो हलका असतो, त्याची पट्टी अडकत नाही आणि त्याला धापही लागत नाही. जाणत्या श्रोत्याला नेमकी ती धाप ऐकू आली नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखे होते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे नाटक शाकुंतलाच्या पाठोपाठ लिहिले. शाकुंतलाचा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. सौभद्राचे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यातच पूर्णानंद नाट्यगृहात लागले आणि पाचही अंकांचे पुरे नाटक पुढच्या वर्षी. त्यानंतर अण्णासाहेब फार जगले नाहीत. १८८५ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत सुरू केलेल्या खेळात पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्या बेताने वावरत. किर्लोस्करांनी ज्याचे दुःख त्याच्याच गळ्यात ठेवले. सुभद्रा रडणार ती स्वतः गाऊन आणि अर्जुन चिडणार तोही गाऊनच. आज हे इतके स्वाभाविक वाटते की कोणी तरी ते पहिल्यांदा केले असेल हे ध्यानातच येत नाही.

कथा महाभारताच्या आदिपर्वातली, सुभद्राहरणाची. बलरामाने बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे, तिचा जीव अर्जुनावर जडला आहे, आणि कृष्ण वरकरणी काखा वर करून आतून सगळी सूत्रे हलवतो आहे. तीर्थयात्रेला निघालेल्या अर्जुनाला नारद ही बातमी देतो. पुढे घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला उचलून रानात नेतो, अर्जुन संन्यासी होऊन द्वारकेत येतो, आणि साधुसंतांवर भाबडा विश्वास असलेला बलरामच त्या यतीची सेवा करायला सुभद्रेला नेमतो. यात युद्ध नाही, मृत्यू नाही, खरा खलनायकही नाही. आहे तो लग्नघरातला गोंधळ. थोरला भाऊ तापट, धाकटा बेरकी, वहिनी रुसलेली आणि मुलगी कोपऱ्यात डोळे पुसत बसलेली. द्वारकेला समुद्र आहे हे या नाटकात फारसे कोणाला आठवत नाही. माजघर मात्र पावलोपावली दिसते. मराठी प्रेक्षकाने या यादवांना पहिल्या दिवसापासून घरातले मानले ते त्यामुळेच.

नाटक मंडळ्यांचा जुना दौरा म्हणजे बिऱ्हाडच असे. आचारी, पाणक्या, लहान मुले, आजारी नट, सगळे बरोबर. मंडळी एका गावात महिना-दोन महिने मुक्काम ठोकी, एकाआड एक नाटके लावी आणि गावाचा उत्साह ओसरू लागला की पुढे निघे. गंधर्व नाटक मंडळीला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय होता आणि बालगंधर्वांच्या साथीला अहमदजान थिरकवांसारखा तबलजी होता. अशा मंडळीचा मुक्काम म्हणजे त्या गावाला दोन महिन्यांची गाण्याची शाळाच. १९३२ मध्ये चित्रपटाच्या पडद्यावर अयोध्येचा राजा बोलू लागला आणि हा संसार हळूहळू मोडला. त्यानंतरही नेटाने गावोगाव हिंडलेल्यांत जयराम आणि जयमाला शिलेदारांचे नाव आधी घ्यावे लागते. त्यांची मराठी रंगभूमी ही संस्था १९४९ मध्ये निघाली, बोलपट ऐन भरात असताना. व्यवहाराच्या दृष्टीने इतका चुकीचा मुहूर्त दुसरा नसेल.

आताचा दौरा एका बसचा आणि चार-पाच दिवसांचा. स्थानिक नाट्यरसिकांचे मंडळ नाहीतर गणेशोत्सवाचे मंडळ ठरावीक रकमेला प्रयोग विकत घेते. नटांना नाईट मिळते, नाट्यगृहाचे भाडे मंडळ भरते, आणि तिकिटे खपली नाहीत तर मंडळाचा सेक्रेटरी ओळखीच्या दुकानदारांच्या गल्ल्यासमोर जाऊन उभा राहतो. दुपारी पडदे लागतात. राजमार्ग, रान, बाग, महाल. पुण्या-मुंबईच्या मापाने रंगवलेला महाल तालुक्याच्या मंचावर मावत नाही. मग दोन्ही कडा मागे दुमडून टाचण्या मारतात. द्वारकेचा एक खांब आणि अर्धा मोर त्या रात्रीपुरते कमी होतात. कोणाची तक्रार येत नाही. या नाटकाला पडदा लागतो तो पात्र कुठे उभे आहे हे सांगण्यापुरता. बाकीची द्वारका गाण्याने उभी राहते, आणि गाणे लंगडे पडले तर संगमरवराची आणूनही उपयोग नाही.

तिसऱ्या घंटेनंतर धुपाचा वास येतो आणि नांदी सुरू होते. कित्येक संच इथे शाकुंतलाचीच नांदी म्हणतात. पडद्यामागे नारदापासून घटोत्कचापर्यंत सगळे रांगेत हात जोडून उभे असतात. घटोत्कचाच्या भुवया अजून ओल्या असतात. नांदी सरता सरता पहिल्या दोन रांगांतल्या श्रोत्यांची पाठ ताठ होते, कारण आजच्या संचाचा सूर कसा लागला आहे हे एवढ्यातच कळलेले असते.

या सुराच्या मागे एक खटाटोप आहे, तो प्रेक्षागृहातून सहसा दिसत नाही. अर्जुन गातो काळी एक नाहीतर काळी दोनमध्ये. सुभद्रा काळी चार-पाचला. ऑर्गनवादकाला पट्टी बदलायला क्षणभर पुरतो. तबल्याचे तसे नाही. म्हणून तबलजीपुढे दोन तबले मांडलेले असतात, एक पुरुषाच्या सुरात लावलेला, एक बाईच्या. अर्जुनाचे पद संपून संवाद सुरू झाला की तो मान खाली घालून एक तबला बाजूला सारतो, दुसरा ओढतो, कानाशी वाकून बोटाच्या टोकाने पुडी चाचपतो, हातोडीचा हलकासा ठोका देतो; तोवर सुभद्रेचे वाक्य शेवटच्या शब्दावर आलेले असते. किर्लोस्करांच्या काळी हा प्रश्न निराळा होता. पहिली सुभद्रा झाले भाऊराव कोल्हटकर, बडोद्याकडून आणलेला उंच, धारदार आवाजाचा तरुण. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करण्याचा काळ बराच पुढचा.

नाटकात मुळात शंभरावर पदे आहेत. दिंडी, साकी, कामदा, लावणीच्या चाली, कीर्तनातल्या, कानडी मुलखातल्या. ती सगळी म्हणायची तर रात्र पुरत नाही, आणि पूर्वी खरोखरच रात्रच लागत असे. आजचे प्रयोग तीन-साडेतीन तासांत आवरतात. म्हणजे निम्म्याहून अधिक पदे वगळावी लागतात, आणि कोणती वगळली यावरून प्रत्येक संचाचा स्वभाव ओळखता येतो. गायक नटाचा संच दिंड्या गाळतो, कारण तिथे तानेला जागा नाही. नाटकाची जाण असलेला संच उलट करतो; दिंडी-साकीत गोष्ट भराभर पुढे सरकते हे त्याला ठाऊक असते. हा दुसरा संच अधिक शहाणा, पण टाळ्या पहिल्याला जास्त पडतात.

एक पद मात्र कोणीच गाळत नाही. कृष्ण रुक्मिणीला रात्र सरून पहाट होत आल्याचे दाखवतो, ते. ते देसकारात आहे. देसकाराचे स्वर पाच : सा, रे, ग, प, ध. भूपाचेही हेच पाच. मध्यम आणि निषाद दोघांनाही वर्ज्य. फरक आहे तो मुक्कामाचा. भूप गांधारावर विसावतो आणि संध्याकाळ होते. देसकार धैवताला धरून वरच्या अंगाने हिंडतो आणि उजाडते. गाणारा जरा बेसावध राहून सवयीने गांधारावर टेकला की कृष्णाच्या महालात भलत्या वेळी दिवेलागण होते. छोटा गंधर्वांनी कृष्णाच्या भूमिकेत या पदावर स्वतःची अशी मोहोर उमटवली की पुढच्या प्रत्येक कृष्णाला त्यांच्या वाटेने जायचे की ती टाळायची, हे आधी ठरवावे लागते. रात्रभर चालणाऱ्या जुन्या प्रयोगांत मंचावरची पहाट खऱ्या पहाटेपासून फार लांब नसे. आता ती होते दहा-साडेदहाला. प्रकाशयोजनाकार निळ्यात हळूहळू केशरी मिसळतो, बाहेर रिक्षावाले सिनेमाच्या शेवटच्या खेळाची वाट पाहत असतात, आणि आत पाच-सहाशे माणसे शांतपणे पहाट झाल्याचे कबूल करतात.

ही माणसे नाटकात पुढे काय होणार हे पाहायला आलेली नसतात. सुभद्रा कोणाला मिळणार हे त्यांच्या आज्यांनाही ठाऊक होते. पूर्वी पदांची पुस्तके नाट्यगृहाच्या दारात विकत मिळत. ती ज्या घरांत गेली त्या घरांत पदे भांडी घासताना आणि ओव्यांच्या बरोबरीने गायली गेली. म्हणून प्रेक्षागृहात प्रत्येकाच्या कानात एक सौभद्र आधीच वाजत असते, वडिलांनी ऐकवलेले, ध्वनिमुद्रिकेवरचे, शाळेच्या स्नेहसंमेलनातले. मंचावरचे त्याच्याशी ताडून पाहिले जाते. जागा ओळखीची आली तर मान डोलते, अनोळखी पण बरी आली तर हात मांडीवर थबकतो. थबकलेला हात ही मोठी दाद, पण ती नटाला दिसत नाही.

नटाला ऐकू येतो तो वन्समोअर. दौऱ्यात त्याचा हिशेब वेगळा असतो. दुसऱ्या दिवशीचा प्रयोग दोनशे किलोमीटरवर आणि घाट मध्ये, तर व्यवस्थापक विंगेत मनगटावरचे घड्याळ दाखवत उभा राहतो. कृष्ण त्याच्याकडे पाहतो, प्रेक्षकांकडे पाहतो, आणि बहुधा व्यवस्थापक हरतो. अशा वेळी दुसऱ्यांदा म्हटलेले पद पहिल्यापेक्षा मोकळे होते. पहिल्यांदा गाताना कथेचे ओझे असते. दुसऱ्यांदा कथा खोळंबून उभी असते, रुक्मिणी त्याच कोनात मान वळवून ताटकळते, आणि गायक एकटा सुटतो. नाट्यशास्त्राच्या शिस्तीत हे बसत नाही, आणि त्या शिस्तीसाठी कोणी तिकीट काढलेले नसते.

गोव्यातला प्रयोग हा दौऱ्यातला अवघड पेपर. तिथे गावच्या देवळाच्या जत्रेला गावकरीच संगीत नाटक उभे करतात, महिनोन्महिने तालमी करून. त्यामुळे फोंड्याच्या किंवा मडगावच्या प्रेक्षागृहात दोन-चार माजी अर्जुन आणि एखादा माजी नारद हमखास बसलेला असतो. क्वचित माजी सुभद्राही, आता पिकल्या मिशांची. पद सुरू झाले की या मंडळींचे ओठ किंचित हलतात. नटाचा शब्द पडला तर तो तिसऱ्या रांगेतून उचलला जातो, प्रॉम्प्टरच्या आधी.

शेवटी बलरामाचा राग निवतो, लग्न ठरते आणि पडदा पडतो. मेकअपच्या खोलीत खोबरेल तेलाचा वास पसरतो; अर्जुन यतीची दाढी कागदात गुंडाळून डब्यात ठेवतो, कारण पुढच्या गावीही तीच वापरायची आहे. याच सुमारास धोतर-टोपीतले एखादे वयस्क गृहस्थ आत येतात. ते अभिनंदन करायला आलेले नसतात. नारदाचे अमुक पद का गाळले, एवढेच त्यांना विचारायचे असते. ऑर्गनवादक घाटाचे कारण सांगतो. गृहस्थांना ते पटत नाही. ते ट्रंकेवर टेकतात आणि ते पद कसे होते ते हलक्या आवाजात म्हणून दाखवतात. बाहेर पडदे गुंडाळून होतात, दुमडलेल्या महालाच्या टाचण्या निघतात, ट्रंका टपावर चढतात. ऑर्गन अजून आतच असतो. तो सर्वांत शेवटी चढवायचा, म्हणजे पुढच्या गावी आधी उतरवता येतो, आणि तोवर गृहस्थांचा अंतराही पुरा होतो.