शुक्रवारचे अडीच तास

१४ जानेवारी, मालवण

संक्रांत. रणजित पंडित १९४४ साली याच तारखेला गेले. घराणं मूळ बांबुळीचं, कुडाळकडचं. पुढे राजकोटला स्थिरावलं. 'राजतरंगिणी' इंग्रजीत नेणारा हा पंडित इथे कुणाला आठवत नाही. त्यांची बायको विजयालक्ष्मी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची पहिली स्त्री अध्यक्ष (१९५३). म्हणजे आपल्या जिल्ह्याची सूनच की! शेजारच्या काकींना सांगितलं. तिळाचे लाडू ताटलीत काढता काढता त्यांनी विचारलं, "ती कधी हय इलली काय?"

१५ जानेवारी

विजयालक्ष्मींचा प्रवास पुन्हा वाचला. १९३७ साली संयुक्त प्रांतात आमदार आणि मंत्री, मग संविधान सभा. तिथून मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन. सभागृहातून वकिलातीत गेलेली माणसं बहुधा तिथूनच निवृत्त होतात. या मात्र महाराष्ट्राचं राज्यपालपद सोडून १९६४ साली फुलपूरमधून लोकसभेत आल्या. राजदूताला दिल्लीच्या सूचनेबरहुकूम बोलावं लागतं, त्याचा कंटाळा आला असेल का? माझा आपला अंदाज. पण १९६७ला पुन्हा निवडून येऊन पुढच्याच वर्षी त्यांनी खासदारकीही सोडली.

त्याच सभागृहात आमचे बॅरिस्टर नाथ पै होते. वेंगुर्ल्याचे, राजापूरचे खासदार.

१६ जानेवारी, शुक्रवार

सोमवारी शाळेत नाथ पैंवर बोलायचंय, म्हणून वाचनालयात टिपणं काढत बसलो. लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खाजगी सदस्यांचे. जो मंत्री नाही तो खाजगी, मग सत्ताधारी पक्षाचा का असेना. कुणाचं विधेयक आधी घ्यायचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. स्वातंत्र्यानंतर अशी अवघी १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली. शुक्रवारी दुपारी निम्मे खासदार गावच्या गाडीत बसलेले असतात, हे वेगळंच.

गोलकनाथ खटल्याचा निकाल फेब्रुवारी १९६७चा : संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही. एप्रिलमध्ये नाथ पैंनी खाजगी सदस्य म्हणून तो अधिकार संसदेला परत देणारी घटनादुरुस्ती मांडली. घटनादुरुस्ती म्हणजे हजर राहून मतदान करणाऱ्या सदस्यांची दोनतृतीयांश मतं, शिवाय एकूण सदस्यसंख्येचं बहुमत. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, चर्चा लांबत राहिली, आणि डिसेंबर १९७० मध्ये लोकसभाच विसर्जित झाली.

वाचनालयातला पोरगा खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, "बिल पास झाला नाय मा? मगे कित्याक सांगतास?"

१८ जानेवारी

नाथ पैंचा स्मृतिदिन. १९७१, बेळगाव, वय अवघं ४८. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर करून घेतली. आशय बव्हंशी त्यांच्याच विधेयकाचा. पोराला हे सांगितलं, तर त्याचा चेहरा खुलला.

माझा मात्र नाही. संसद सर्वश्रेष्ठ, ही नाथ पैंची श्रद्धा; पण संसदच घाबरली तर काय, याचं उत्तर त्या विधेयकात मला सापडत नाही. त्यांच्या जागी राजापूरहून निवडून गेलेले मधु दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते, तिथेच २६ जून १९७५ला, आणीबाणी लागताच, त्यांना अटक झाली. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घातली होती ती न्यायालयानेच, १९७३च्या केशवानंद खटल्यात.

हे नववीच्या मुलांपुढे मांडायचंय आणि बाईंनी वेळ दिलाय वीस मिनिटं. विजयालक्ष्मींची आमसभा गाळावी लागेल. विधेयक गाळणार नाही.