तिकिटाचे पैसे

व्यापाऱ्याच्या घरात पैशाचे मोल लहानपणीच शिकवले जाते. परंतु एकदा मोजलेला पैसा केव्हा विसरावा, हे शिकण्यासाठी मला वयाची साठी ओलांडावी लागली. ते शिकवले पाच महिन्यांच्या नातीने, आणि तेही क्रिकेटच्या मैदानावर.

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात विश्वचषकाचे सामने आपल्या देशात सुरू होते. चिरंजीवांनी बऱ्याच खटपटीने परगावच्या एका सामन्याची तीन तिकिटे मिळवली. आमच्या सूनबाई महाविद्यालयाच्या संघातून गोलंदाजी करीत असत. विवाहानंतर घर, दुकानाचा हिशेब आणि मग बाळंतपण, यांत मैदान मागे राहिले. आपल्या मोबाइलमध्ये त्यांनी एक छायाचित्र जपून ठेवले आहे. ६ मार्च २०२२ रोजी न्यूझीलंडमधील माउंट मौनगानुई येथे महिला विश्वचषकात भारत आणि पाकिस्तान यांचा सामना झाला. पाकिस्तानची कर्णधार बिस्माह मारूफ आपल्या सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन त्या स्पर्धेस आली होती. सामना संपल्यावर आपल्या मुली त्या बाळाभोवती गोळा झाल्या, त्या क्षणाचे ते छायाचित्र. ते दाखवून सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आपणही बाळाला घेऊन जाऊ या का?" मी लगेच होकार दिला.

माझ्या सौभाग्यवतींचा मात्र विरोध होता. "पाच महिन्यांच्या लेकराला सामन्यातले काय कळणार? आणि परतायला मध्यरात्र होईल." त्या चोविहार पाळतात, त्यांनी घरीच राहणे पसंत केले. जाताना एवढेच म्हणाल्या, "सांभाळा तिला."

दुपारपासून बाळ हसत होते. संध्याकाळी दिवे लागले आणि गर्दीला उधाण आले. आमच्या आसनांच्या जवळच ध्वनिक्षेपक होता. प्रत्येक चौकारासरशी त्यावर संगीत वाजे आणि हजारो कंठ एकदम गर्जत. बाळ प्रथम दचकले, मग आकांताने रडू लागले. सूनबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाबा, उठू या का?" मी म्हणालो, "एवढे पैसे मोजले आहेत, थोडा वेळ थांबू. शांत होईल ती."

आणि खरोखरच ती शांत झाली. रडून थकलेले मूल डोळे मिटून पडले होते. मी मात्र त्या मौनाला समाधान समजलो. सामना संपेपर्यंत आम्ही उठलो नाही.

त्यानंतर तीन रात्री बाळ झोपले नाही. कुकरच्या शिटीनेही ते थरथरू लागले. डॉक्टरांनी कान तपासून काळजीचे कारण नसल्याचे सांगितले, तेव्हा जीव भांड्यात पडला. परंतु घरात बोल लागला तो सूनबाईंना. "आईलाच हौस, मग लेकराचे असेच व्हायचे," असे आल्यागेल्यांनी सुनावले. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतले. उठू या, असे त्याच म्हणाल्या होत्या. हे ठाऊक असलेला मी जवळच बसून वर्तमानपत्र चाळत होतो. माझे ते मौन बाळाच्या रडण्यापेक्षा अधिक लाजिरवाणे होते.

त्या दिवसांत माझे वडील वारंवार आठवत. आमचे कापडाचे दुकान त्यांनी उभे केले. ते म्हणत, "पडत्या भावात माल धरून बसणारा माणूस मालाला नव्हे, आपल्या हट्टाला जपत असतो." दुकानात हे सूत्र मी चाळीस वर्षे पाळले. मैदानावर मात्र मी तिकिटाचे पैसे वसूल करायला बसलो आणि किंमत मोजली नातीने. तिकिटाचे पैसे तर ते घेतले त्याच दिवशी गेले होते. आम्ही थांबलो म्हणून त्यातला एक रुपयाही परत येणार नव्हता.

एके दिवशी जेवताना मी सर्वांसमोर सांगितले, "सूनबाई उठायला तयार होत्या. मी बसवून ठेवले. चूक माझी." सौभाग्यवती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी काही न बोलता सूनबाईंच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. आमच्या घरात क्षमा अशीच मागितली जाते.

पुढे मी थोडी माहिती मिळवली. ८५ डेसिबल आवाजात प्रौढ माणसाने दिवसातून आठ तासांहून अधिक राहू नये, असे मानतात. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्म्याने घटते. म्हणजे १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटांवर येते. भरलेल्या मैदानातील गर्जना या पातळीला सहज पोहोचते, आणि तान्ह्या बाळाचे कान तर अधिकच नाजूक. कापसाचे बोळे पुरेसे नाहीत. दोन्ही कान पूर्ण झाकणारे इअरमफ लागतात. २०१० साली अमेरिकेतील सुपर बोल जिंकल्यावर ड्रू ब्रीझ या खेळाडूने आपल्या एक वर्षाच्या मुलाला उचलून घेतले, तेव्हा त्या मुलाच्या कानांवर असेच इअरमफ होते. ते छायाचित्र जगभर पाहिले गेले. उन्हाचेही तसेच. लहान बाळाचे शरीर तापमान नीट सांभाळू शकत नाही. म्हणून सावलीतील जागा, सुती कपडे आणि वेळच्या वेळी दूध यांना पर्याय नाही.

जानेवारी २०२४ मध्ये आमच्या सोलापुरात, पार्क मैदानावर, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर असा रणजी सामना झाला. अनेक वर्षांनी गावात रणजी सामना आला होता. सूनबाईंनी विषयही काढला नाही. सकाळी मीच म्हणालो, "चला, बाळाला मैदान दाखवून आणू." त्या घुटमळल्या. तेव्हा सौभाग्यवतीच आतून इअरमफ आणि टोपडे घेऊन आल्या, आणि म्हणाल्या, "मीही येते. ऊन चढण्यापूर्वी परतायचे."

थंडीचे कोवळे ऊन होते. आम्ही सावलीत, बाहेर पडण्याच्या वाटेजवळ बसलो. तेथे चेंडू बॅटवर आदळल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. आठ महिन्यांची नात पांढऱ्या कपड्यांतील माणसांकडे पाहून हात हलवीत होती. मध्येच आकाशातल्या घारीकडे टक लावून पाहत होती. सामन्यातले तिला काहीच कळत नव्हते. सूनबाई मात्र सासूबाईंना गोलंदाजाची बोटे चेंडूवर कशी असतात, ते हाताने दाखवून सांगत होत्या. इतक्या महिन्यांनी त्यांचा तो उत्साही आवाज मी ऐकला.

तान्हे मूल मैदानावर स्वतःसाठी जात नाही. आपण त्याला आपल्यासाठी नेतो. यात काही वावगे नाही. आईलाही मोकळी हवा हवी, तिचे जुने जग हवे. मात्र हौस आपली असल्याने तिचा भारही आपणच उचलला पाहिजे. सामना कितीही रंगात आलेला असो, बाळाने पहिली कुरकूर केली की उठायचे. ही तयारी घरून निघतानाच असावी.

पाऊण तासाने बाळ डोळे चोळू लागले. मैदानावर खेळ ऐन भरात होता. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी काही विचारण्यापूर्वीच मी पिशवी उचलली आणि उभा राहिलो.