चाकं, स्पेसर आणि दोन ट्रॉल्या मुरूम

मंडळी, सोलापूरकडचा पाऊस म्हणजे मुख्यतः सप्टेंबरचा पाऊस. जून-जुलैमध्ये आभाळाकडे बघून मान दुखते, आणि ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर हा गडी असा कोसळतो की शेताची वाट बंद. आमचं शेत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात. ही माती ज्वारीला सोन्यासारखी, पण ओली झाली की चाकाला अशी चिकटते की टायर कुठला आणि माती कुठली कळत नाही.

तर झालं असं, की गेल्या सप्टेंबरात आप्पांना रात्री छातीत कळ आली. मी नेमका शनिवारचा तिथेच होतो. पाणंदीच्या मधल्या खोलगट जागी आपली जिम्नी, फोर-बाय-फोर वगैरे सगळं असून, पोटावर बसली. शेजारच्यांचा ट्रॅक्टर येऊन ओढेपर्यंत पाऊण तास गेला. निघालं ते अ‍ॅसिडिटीचं दुखणं, पण तो पाऊण तास मी विसरलेलो नाही. घरी आल्यावर ठरवलं, आता मोठे टायर!

खरं सांगायचं तर मोठे टायर मला आधीपासूनच हवे होते. दिसतात भारी. आता कारण मिळालं एवढंच :-)

जिम्नीचा कंपनीचा टायर १९५/८० आर १५. म्हणजे उंची साधारण ६९३ मिलिमीटर. मला हवा होता २३५/७५ आर १५, उंची ७३३. टायरवाल्याला विचारलं तर म्हणाला, "आतून घासेल साहेब. स्पेसर टाकून देतो, अर्ध्या तासाचं काम."

स्पेसर म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसवायची धातूची जाड चकती. चाक तेवढं बाहेर सरकतं. शनिवारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. टायर ४० मिलिमीटरने रुंद, म्हणजे आत २० आणि बाहेर २०. आतली जागा पूर्वीइतकी ठेवायची तर चाक २० ने बाहेर ढकलायचं. म्हणजे बाहेरच्या बाजूने टायर एकूण ४० मिलिमीटर पुढे येणार, मडगार्डच्या बाहेर चिखल उडवत.

इथे एक गैरसमज. लोक म्हणतात स्पेसरने बेअरिंग जातं, नवीन रिम घे. पण चाक २० मिलिमीटर बाहेर गेलं की बेअरिंगवरचा ताण वाढणारच, मग ते स्पेसरने जावो की कमी ऑफसेटच्या रिमने. बेअरिंगला काय कळतंय! खरा फरक जोडाचा आहे. रिमला एकच जोड, स्पेसरला दोन. आणि आतल्या जोडाचे नट चाकाखाली झाकलेले. आमच्या धंद्यात म्हणतात ना, जे दिसत नाही तिथेच बग राहतो.

हे मी अनुभवातून सांगतोय. एका मित्राकडून त्याचे जुने २५ मिलिमीटरचे स्पेसर आणून आहे त्याच टायरवर बसवून पाहिले. मंगळवेढ्याला जाताना ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. बेगमपूरच्या अलीकडे थांबून चाक काढलं तर आतले दोन नट हाताने फिरत होते! जिम्नीच्या हबचा मधला उंचवटा १०८ मिलिमीटरचा, आणि स्पेसरचं भोक त्याहून मोठं. त्यामुळे चाक नीट मध्यावर बसलंच नव्हतं. चाकाचा भार नट स्वतः पेलत नाहीत. नट आवळल्यामुळे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात आणि ते घर्षण भार पेलतं. नट सैल म्हणजे घर्षण गेलं, मग स्टड तुटायला किती वेळ? शिवाय स्पेसर बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनी चाक काढून आतले नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळायचे असतात. ते मी केलं नव्हतं. चूक माझीच.

आणि स्पेसरने एक गोष्ट होतच नाही. रिम रुंद होत नाही! कंपनीची रिम साडेपाच इंची, आणि २३५ च्या टायरला किमान सहा इंची लागते. म्हणजे २३५ हवा तर नवीन रिम आल्याच. त्याही पाच, कारण फोर-बाय-फोरमध्ये चारी चाकं एका मापाची लागतात आणि स्टेपनी वेगळ्या मापाची असून चालत नाही. मग ते जड पाचवं चाक मागच्या दाराच्या बिजागरीवर. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०६ वर. ओढ कमी होणार ती वेगळीच. वर जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरटीओ कधी दाखवेल सांगता येत नाही. अपघात झाला तर विमावाल्यालाही वाद घालायला जागा.

आणि एवढं करून गाडीचं पोट वर येणार किती? उंचीतल्या फरकाच्या निम्मं, म्हणजे २० मिलिमीटर. दोन बोटं सुद्धा नाही! त्यात काळ्या चिकट मातीत रुंद टायर म्हणजे माती गोळा करायचं यंत्र.

हे सगळं आप्पांना सांगितलं. ते पलंगावर बसून शेंगा फोडत होते. म्हणाले, "आरं, चाकं मोठी करून काय हुतंय? त्या खोलगट जागी दोन ट्रॉल्या मुरूम टाक की. तुझी एकट्याची गाडी निघून काय उपेग, बाकीच्यांनी काय करायचं?"

काय बोलणार!

शेवटी कंपनीच्याच रिमवर २१५/७५ आर १५ चे पाच ऑल-टेरेन टायर घेतले. साडेपाच इंची रिमला चालतात, उंची फक्त १० मिलिमीटरने जास्त, स्पेसर नको, काही नको. रिमचे जे पैसे वाचले त्यातून मुरूम टाकला, शेजारच्यांनी ट्रॅक्टर दिला. बाजूने चर काढून पाण्याला वाट करून दिली, तेही आप्पांनीच सुचवलं.

मित्राचे स्पेसर परत केले, आणि त्यालाही काढून ठेवायला सांगितलं. ऐकेल असं वाटत नाही.

असो. सप्टेंबर येतोय. बघू.