पार्टी वॉलची नोटीस

आपल्याकडे शेजाऱ्याला नोटीस धाडली म्हणजे बोलणंच संपलं! इथे लंडनला मात्र माळ्यावर खोली काढताना सामाईक भिंतीत बीम घालायचा, तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याने दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावीच लागते. १४ दिवसांत लेखी होकार आला नाही, तर कायदा तो वादच धरतो. मग सर्व्हेअर, आणि त्यांची फी बहुधा आपल्याच माथी...

पलीकडच्या आजी ऐंशीच्या, एकट्या. कागद नुसता दारातून आत सरकवणं मला जमेना. नकाशा घेऊन गेले. "धूळ किती दिवस?" एवढंच विचारलं त्यांनी. सही भाचा आल्यावर करणार म्हणे. आज अकरावा दिवस. काल डोकावले, तर आमच्या बाजूच्या भिंतीवरचे फोटो त्यांनी उतरवून ठेवले होते.