हिंगातला गहू

दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे आणि कंबरेखालचा भाग एकाच वेळी खाजायला लागला, तर त्याचं मूळ ताटातल्या पोळीत असेल असं कुणाच्या मनात येणार? सोलापुरात असताना मलमं लावली, साबण बदलले, कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळी केल्या. बारीक पाणीदार फोड रात्री खाजवून फुटायचे आणि डॉक्टरांपुढे जाईपर्यंत नुसते ओरखडे उरायचे. नोकरीसाठी बेंगळुरूला आले, तेव्हा इथल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी फोड सोडून शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. त्यात आयजीए प्रतिपिंडं सापडली. डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. लुई डुरिंग यांनी या आजाराचं वर्णन १८८४ साली केलं, पण त्याचं आतड्याशी आणि गव्हाशी असलेलं नातं कळायला पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं गेली. माझं पोट तर कधी दुखलंही नव्हतं.

डॅप्सोन सुरू झालं आणि दोन-तीन दिवसांत खाज थांबली. किती दिवसांनी सलग झोप लागली! हे औषध तांबड्या पेशी फोडू शकतं, म्हणून आधी रक्तातल्या जी६पीडी या विकराची तपासणी आणि नंतर वरचेवर हिमोग्लोबिन. मूळची ही कुष्ठरोगाची गोळी. औषधाच्या दुकानातला माणूस चिठ्ठी वाचून माझ्या बोटांकडे बघायचा, तेव्हा राग यायचा. मग वाटायचं, जिने आपल्याकडच्या असंख्य कुष्ठरोग्यांचे हातपाय राखले, तिची लाज कसली? पण ती फक्त कातडी शांत करते. आतडं सावरायला गहू, सातू, राय जन्मभर बंद.

आजीच्या घरी रोज मालदांडी ज्वारीची भाकरी असायची, पोळी सणावारी. रोजची पोळी आमच्या पिढीत आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात सीलिअॅकचं, म्हणजे ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनाने आतडं बिघडण्याच्या माझ्या खाजेमागच्या आजाराचं, प्रमाण उत्तरेत शंभरात एकाहून जास्त, तर दक्षिणेत हजारात एक निघालं. या आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखीच. मोठा फरक होता तो रोजच्या गव्हाचा. म्हणूनच इथल्या बऱ्याच डॉक्टरांना हा आजार चटकन सुचत नाही, आणि म्हणूनच या गावात माझं पोट भरतं. अक्की रोट्टी, नीर डोसा आणि नाचणीची मुद्दे (पिठाचा शिजवलेला गोळा). अंगठ्याने खळगा करायचा, सारात बुडवायची आणि न चावता गिळायची. नाचणीच्या भारतीय आणि आफ्रिकी वाणांचा संकर करून ‘इंडाफ’ जाती काढणाऱ्या लक्ष्मणय्यांना कर्नाटक ‘रागी लक्ष्मणय्या’ म्हणतं. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत असं मला मनापासून वाटतं.

याच गावात रवा इडली, केसरी भात आणि होळिगेही आहेत. ते ओळखता येतात, टाळता येतात. छळतो तो न दिसणारा गहू. पथ्य काटेकोर चालू असताना कोपरं पुन्हा उठली. घरातला एकेक डबा तपासताना हिंगाची डबी हातात आली. बाजारातल्या हिंगपुडीत हिंग थोडा. बाकी डिंक आणि पीठ, पुष्कळदा गव्हाचं. म्हणजे सांबार, सारू, लोणचं, चटणीपूड, सगळंच संशयित. तेव्हापासून खडा हिंग आणते. गिरणीवाला म्हणायचा, गव्हानंतर तांदूळ टाकून जातं साफ करतो. माझ्या कातडीला ते पुरलं नाही, म्हणून घरघंटी घेतली. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ छापायचं तर किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. उघड्यावर दळलेल्या पिठाचा हिशेब कोण ठेवणार?

सगळ्यात अवघड जातं ते दुसऱ्याच्या घरी. “एवढ्याशाने काय होतंय?” असं प्रेमाने म्हणणाऱ्या मावशीला नाही म्हणताना अजूनही गलबलतं. गौरीच्या जेवणात आई आता माझ्यासाठी वेगळा तवा ठेवते आणि तांदळाच्या पिठाची पुरणपोळी करते. ती लाटताना फाटते, आई न कुरकुरता पुन्हा लाटते.

डॅप्सोन बंद होऊन बराच काळ झाला. सख्ख्या नातलगांनीही रक्त तपासून घ्यावं, असं डॉक्टर सांगतात. बहिणीने तपासलं, काही निघालं नाही. भाऊ म्हणतो, मला कुठे खाज आहे? खाज नसली तरी तपास, हे मी त्याला दर फोनवर सांगते आणि तो तपासेपर्यंत सांगत राहणार आहे.